घरच्या इंटरनेटवर स्वतःचा बीबीएस: पहिल्या कॉलरपर्यंत

चौकातला वार्ताफलक तुम्ही पाहिला असेल. काळा फळा, वर मंडळाचं नाव, खाली खडूनं लिहिलेलं: रक्तदान शिबिर, कुणाचं दुःखद निधन, उद्या पाणी येणार नाही. बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजे बीबीएस, अशाच एका फलकावरून जन्माला आली. शिकागोच्या एका कॉम्प्युटर क्लबात सभासद बुचाच्या फलकावर टाचणीनं चिठ्ठ्या लावायचे. १९७८च्या जानेवारीत हिमवादळानं शहर ठप्प झालं, घराबाहेर पाऊल टाकता येईना, तेव्हा वॉर्ड क्रिस्टेनसन आणि रँडी स्यूस या दोन सभासदांनी तो फलकच कॉम्प्युटरवर न्यायचं ठरवलं. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांचा सीबीबीएस सुरू झाला. फोन लाइन एक, एका वेळी माणूस एक. ३०० बॉडच्या मोडेमवरून सेकंदाला ३० अक्षरं यायची. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा भरायला मिनिटाहून जास्त वेळ लागायचा.

आपल्याकडे विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. त्याआधी ज्यांच्याकडे मोडेम होता त्यांच्यासाठी बीबीएस हाच बाहेरच्या जगाचा रस्ता होता. बंगळूरच्या अतुल चिटणीस यांचा सीआयएक्स त्या काळात देशभरातल्या हौशी लोकांना माहीत होता.

आज फोन लाइनच्या जागी इंटरनेट आलं, बाकी मांडणी तीच राहिली. कॉलर, म्हणजे बीबीएसवर येणारा माणूस, येतो, नाव आणि पासवर्ड देतो, निरोप वाचतो, उत्तर लिहितो, एखादा खेळ खेळतो, जातो. ती मशीन कुणाच्या तरी घरात असते, आणि येणारा माणूस खरोखर त्या घरी आलेला असतो. माझा बीबीएस गेली चार वर्षं पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमधून चालतो आहे. या चार वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली: सॉफ्टवेअर बसवणं हे एका रविवारचं काम आहे, पाहुण्यासाठी दार उघडं ठेवणं हे रोजचं. पुढच्या पायऱ्या मी त्याच हिशेबानं लावल्या आहेत. जिथे पुढे रोज त्रास होतो तिथे जास्त थांबलो आहे.

पहिली पायरी: बाहेरचा माणूस घरापर्यंत पोचतो का?

एक रुपयाही खर्च करण्याआधी हे तपासा. ब्राउझरमधून राउटरच्या पानावर जा आणि वॅन किंवा इंटरनेट या मथळ्याखाली जो आयपी पत्ता दिसतो तो कागदावर उतरवा. मग "माझा आयपी काय" सांगणारी कुठलीही साइट उघडा आणि तिथला पत्ता बघा. दोन्ही सारखे असतील तर निम्मी लढाई जिंकलात. वेगळे असतील, आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान कुठे सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. इंटरनेट कंपनीनं एकच सार्वजनिक पत्ता शेकडो घरांत वाटून दिला आहे. पार्सलवर सोसायटीचं नाव आहे पण फ्लॅट नंबर नाही, आणि गेटवरच्या वॉचमनला तुमचं नाव माहीत नाही, अशी ती अवस्था. तुम्ही बाहेर जाऊ शकता, पण बाहेरून कुणी तुमच्याकडे येऊ शकत नाही. राउटरमध्ये काहीही बदललं तरी हे सुटत नाही. नवखे लोक इथेच आठवडे घालवतात, म्हणून ही पायरी पहिली.

पत्ता १० किंवा १९२.१६८ नं सुरू होत असेल तर आणखी एक शक्यता तपासा. भिंतीवर कंपनीनं लावलेला फायबरचा डबा, ज्याला ओएनटी म्हणतात, तोही अनेकदा राउटरचं काम करत असतो, आणि त्याच्यामागे तुमचा वायफाय राउटर दुसरा. ओएनटीला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडेल आणि पत्ता सरळ तुमच्या राउटरवर येईल. ही सेटिंग बहुधा कंपनीच्या माणसालाच करावी लागते.

सीजीनॅट असेल तर तीन वाटा आहेत. सगळ्यात सरळ वाट म्हणजे कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घेणं. त्याचे वेगळे पैसे पडतात. फोनवर बोलताना "पब्लिक स्टॅटिक आयपी" असं म्हणा, नुसतं स्टॅटिक म्हणू नका. मला आधीच्या कंपनीकडून तीन वेळा "सर, तुमचा आयपी स्टॅटिक केला आहे" असं उत्तर मिळालं. तो खरंच बदलत नव्हता, पण तिन्ही वेळा १०० नंच सुरू होत होता. शेवटी लाइन टाकायला आलेल्या तंत्रज्ञाला दारातच पत्ता दाखवला, त्यानं ऑफिसात फोन लावला आणि दहा मिनिटांत काम झालं. म्हणून कॉल सेंटरपेक्षा स्थानिक माणसाचा नंबर जवळ ठेवा.

दुसरी वाट आयपीव्ही६ ची, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीची. अनेक कनेक्शनवर तो आधीच चालू असतो आणि त्यात प्रत्येक मशीनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. अडचण अशी की ज्या कॉलरकडे आयपीव्ही६ नाही तो येऊ शकत नाही, आणि जुनी टर्मिनल सॉफ्टवेअर, म्हणजे ज्यातून कॉलर बीबीएस बघतो ती, तर त्याला ओळखतही नाहीत. पूरक म्हणून ठेवा, एकट्यावर भिस्त ठेवू नका.

तिसरी वाट म्हणजे भाड्यानं छोटा व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधला सार्वजनिक पत्ता असलेला सर्व्हर, घेऊन घरच्या मशीनपासून तिथपर्यंत वायरगार्ड या सॉफ्टवेअरनं खाजगी जोडणीचा बोगदा टाकणं. बोगदा घरातून बाहेर उघडला जातो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. वायरगार्डमध्ये कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवणारा इशारा, २५ सेकंदांवर ठेवा, नाहीतर शांत बसलेला बोगदा मधल्या यंत्रणा बंद करून टाकतात. आणि एक काळजी घ्या. व्हीपीएसवर मास्करेड, म्हणजे येणाऱ्याचा पत्ता झाकून व्हीपीएसचा पत्ता पुढे करणं, लावलंत तर प्रत्येक कॉलर तुमच्या बीबीएसला त्या एकाच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. मग एखाद्या बॉटनं, म्हणजे आपोआप दारं ठोठावणाऱ्या प्रोग्रॅमनं, दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की आपोआप लागणारी बंदी सगळ्या जगावर लागते. मूळ पत्ता तसाच आत येईल अशी मांडणी करा.

कनेक्शन घेताना सही केलेल्या अटीही एकदा वाचा. घरगुती प्लॅनवर सर्व्हर चालवायला काही कंपन्यांची मनाई असते. तशी असेल तर आधीच विचारून घ्या, मागाहून लाइन कापली जाण्यापेक्षा ते बरं.

वेगाची मात्र काळजी करू नका. रंगीत पडदासुद्धा काही किलोबाइटचा असतो. अपलोडला एक एमबीपीएस मिळत असेल तरी एका वेळी चार-पाच जण आरामात वावरतील.

दुसरी पायरी: मशीन आणि वीज

नवीन काही विकत घेऊ नका. कपाटातला जुना लॅपटॉप काढा. रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरचं नाव सगळीकडे ऐकाल, माझीही सुरुवात त्यावरच झाली, पण नवख्याला मी लॅपटॉपच सुचवतो. पहिलं कारण त्याची बॅटरी. वीज गेली तरी मशीन बंद पडत नाही. दुसरं कारण खेळांचं. बीबीएसचे जुने खेळ डॉसवरचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या कार्यप्रणालीवरचे, आहेत आणि ते इंटेल जातीच्या प्रोसेसरवर त्यामानानं सहज चालतात, पायवर त्यासाठी बरीच खटपट करावी लागते. तिसरं कारण घड्याळ. पाय ४ आणि त्याआधीच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज येऊन पाय सुरू झाला आणि इंटरनेट यायला उशीर झाला, तर मधल्या वेळेतल्या निरोपांवर भलतीच तारीख पडते. तरी पायच वापरायचा असेल तर मेमरी कार्डाऐवजी एसएसडी लावा. सतत लिहून-पुसून कार्ड झिजतं. माझं पहिलं कार्ड आठ महिन्यांत गेलं आणि त्याच्याबरोबर दोनशेच्या वर निरोप गेले. त्यातले काही एका कॉलरनं आपल्या वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाबद्दल लिहिले होते. त्याला पुन्हा लिहा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

विजेचा हिशेब सोपा आहे. पाच वॅट खाणारा पाय दिवसरात्र चालवला तर महिन्याला ३.६ युनिट. पंधरा वॅटचा लॅपटॉप, १०.८ युनिट. साठ वॅटचा जुना डेस्कटॉप, ४३ युनिट. डेस्कटॉप टाळा.

लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर तो झोपू नये ही सेटिंग आधी करा. बॅटरी कायम चार्जिंगला राहते, म्हणून महिन्यातून एकदा हात फिरवून बघा. ट्रॅकपॅड उचलल्यासारखा वाटला किंवा तळ टेबलावर नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे. मशीन लगेच बंद करून बॅटरी काढून टाका.

लॅपटॉप चालू राहिला तरी राउटर आणि ओएनटी बंद पडले तर काय उपयोग? त्यांच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो, तो घ्या. घरात इन्व्हर्टर असला तरी घ्या, कारण इन्व्हर्टरवर जाताना जो क्षणभराचा झटका बसतो तेवढ्यात राउटर पुन्हा सुरू होतो आणि आत असलेले सगळे कॉलर बाहेर फेकले जातात.

तुमचं इंटरनेट फायबरनं घरात येत नसेल, गच्चीवरच्या स्विचमधून लॅनच्या वायरनं येत असेल, तर वळवाच्या पावसाची आठवण ठेवा. तांब्याच्या वायरीतून विजेचा लोट थेट आत येतो. एका मे महिन्यात आमच्या इमारतीतल्या चार घरांचे राउटर एकाच संध्याकाळी गेले. गडगडाट सुरू झाला की मी ती वायर उपसून ठेवतो आणि बीबीएस तेवढा वेळ बंद राहतो.

तिसरी पायरी: सॉफ्टवेअर

पर्याय बरेच आहेत. मिस्टिक देखणा आहे, एनिग्मा नव्या पद्धतीचा आहे. पण पहिल्या बीबीएससाठी सिंक्रोनेट घ्या. तो मोफत आहे, त्याचा सोर्स खुला आहे, रॉब स्विंडेल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून तो सांभाळला आहे, आणि विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालतो. विंडोजवर नेहमीसारखा इन्स्टॉलर आहे. लिनक्सवर तो सोर्समधून बांधावा लागतो. अधिकृत विकीवर एकेक आज्ञा दिलेली आहे, तीच जशीच्या तशी चालवा. कुणाच्या जुन्या व्हिडिओतल्या आज्ञा वापरू नका.

लिनक्सवर या कामासाठी स्वतंत्र वापरकर्ता तयार करा. त्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नका. उद्या कुणी बीबीएसमधून घुसलाच तर त्याच्या हाती फक्त बीबीएस लागला पाहिजे, घरातले फोटो नाहीत.

बसवून झालं की एससीएफजी नावाचा कॉन्फिगरेशनचा प्रोग्रॅम उघडा. त्यात शेकडो पर्याय दिसतील. आज फक्त चार भरा: बीबीएसचं नाव, ठिकाण, सिसॉपचं नाव आणि सिस्टिम पासवर्ड. सिसॉप म्हणजे बीबीएस चालवणारा, म्हणजे तुम्ही. ठिकाण म्हणून शहराचं नाव पुरे, घरचा पत्ता कुठेही टाकू नका. सिस्टिम पासवर्ड तुमच्या खात्याच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा.

मग त्याच मशीनवरून टेलनेटनं, म्हणजे दुसऱ्या मशीनशी नुसत्या अक्षरांत बोलायच्या जुन्या पद्धतीनं, आत शिरा आणि नवीन वापरकर्ता म्हणून नोंद करा. सिंक्रोनेटमध्ये पहिलं खातं सिसॉपचं असतं. म्हणून दार बाहेर उघडण्याआधी हे खातं तयार झालंच पाहिजे. हा क्रम मोडू नका.

सिंक्रोनेट टेलनेटबरोबर वेब, एफटीपी आणि ईमेल सर्व्हरही सोबत घेऊन येतो आणि ते सुरूच असतात. तुम्हाला आज त्यांची गरज नाही. ईमेल सर्व्हर तर नक्की बंद करा. चुकीच्या सेटिंगचा ईमेल सर्व्हर स्पॅमवाले शोधूनच काढतात, आणि मग तुमचा आयपी पत्ता जगभर काळ्या यादीत जातो.

चौथी पायरी: राउटरमधलं दार

राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन नावाची सोय असते. तिथे बीबीएसच्या मशीनचा मॅक पत्ता, म्हणजे तिच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, टाकून तिला घरातला एक कायमचा आयपी द्या. मग पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर जाऊन बाहेरचा एक पोर्ट, म्हणजे पत्त्यावरचं एक क्रमांकाचं दार, त्या आयपीकडे वळवा. एकच पोर्ट. डीएमझेड नावाचा पर्याय दिसेल, तो पूर्ण मशीन उघड्यावर टाकतो, त्याला हात लावू नका. राउटरचं रिमोट मॅनेजमेंट आणि यूपीएनपी (घरातल्या मशीनना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) दोन्ही बंद करा.

कुठला पोर्ट? टेलनेटचा ठरलेला पोर्ट २३ आहे. तो ठेवू नका. २०१६ मध्ये मिराय नावाच्या बॉटनेटनं, म्हणजे बॉटांच्या टोळीनं, लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले ते याच पोर्टवरून, आणि तिची पिल्लं अजून इंटरनेटभर फिरत आहेत. मी आधी पोर्ट २३च उघडला, त्या रात्री लॉगसमोर, म्हणजे येणाऱ्यांच्या नोंदींसमोर, बसून होतो. पावणेदोनच्या सुमारास पहिला आला. नावाच्या जागी "रूट" असं टाइप झालं. बीबीएसनं सौजन्यानं सांगितलं की या नावाचं कुणी इथे नाही. पुढची ओळ आली "एनेबल". मग "सिस्टिम". मग "शेल". दोन सेकंदांत कनेक्शन तुटलं. चार सेकंदांनी दुसरा, वेगळ्या देशातून, अक्षरशः त्याच चार शब्दांनिशी. सकाळी सातला चहा घेताना मोजले तर सहाशेच्या वर झाले होते, आणि त्यात माणूस एकही नव्हता. सगळे नोड, म्हणजे एका वेळी आत येण्याच्या जागा, बॉटनी अडवून ठेवले तर खऱ्या पाहुण्याला "लाइन व्यस्त आहे" असं दिसतं, खरा तोटा हा.

अनेक जण २३ सोडून २३२३ घेतात. मिराय तोही धुंडाळत असे, म्हणून तोही नको. १०२४ च्या वरचा, सहजी न सुचणारा एखादा आकडा घ्या. लिनक्सवर १०२४ च्या खालच्या पोर्टला खास अधिकार लागतात, तीही कटकट वाचते. पोर्ट बदलल्यावर माझ्याकडचे बॉट दिवसाला आठ-दहावर आले. उरलेल्यांसाठी सिंक्रोनेटमध्ये लॉगिनच्या चुकीच्या प्रयत्नांनंतर तात्पुरती बंदी घालायची सोय आहे, आणि कुठली नावं घ्यायला मनाई आहे याचीही यादी असते. दोन्ही वापरा.

टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो, वाटेत कुणीही वाचू शकतो. सिंक्रोनेटमध्ये एसएसएच, म्हणजे सगळं सांकेतिक करून पाठवणारी पद्धत, आहे. तो दुसऱ्या पोर्टवर सुरू करा आणि पहिल्याच पडद्यावर लिहा: शक्यतो एसएसएचनं या, आणि इथला पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. जुन्या मशीनवरून येणाऱ्यांसाठी टेलनेट ठेवावाच लागतो. कमोडोर ६४ या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरवरून येणारे कॉलर आजही आहेत आणि त्यांना दार लावून घेणं मला पटत नाही.

घरचा आयपी बदलता असेल तर डायनॅमिक डीएनएस लावा. सिंक्रोनेटवाल्यांना ही सेवा त्यांच्याच डोमेनखाली मोफत मिळते, शिवाय डकडीएनएस आहे. मशीन दर काही मिनिटांनी आपला चालू पत्ता तिकडे कळवते आणि लोकांना लक्षात ठेवायला नाव राहतं.

आता चाचणी. आधी त्याच मशीनवरून, मग घरातल्या दुसऱ्या मशीनवरून, मग मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून. हा शेवटचा टप्पा टाळू नका. घरच्याच वायफायवरून स्वतःचं बाहेरचं नाव उघडायला गेलात तर अनेक राउटर ते परत आत वळवत नाहीत. सगळं ठीक असूनही काही चालत नाही असं वाटतं आणि माणूस नीट असलेली सेटिंग बिघडवून बसतो. टर्मिनल म्हणून अँड्रॉइडवर कनेक्टबॉट आहे, कॉम्प्युटरवर सिंकटर्म घ्या.

पाचवी पायरी: पडदा, आणि मराठीचा प्रश्न

बीबीएसचं रूप १९८१ च्या आयबीएम पीसीवर घडलं. ८० रकाने, २५ ओळी, १६ रंग आणि कोडपेज ४३७ या पीसीच्या अक्षरसंचाची २५६ चिन्हं. त्यातल्या ░▒▓█ या चार ठोकळ्यांवर एक अख्खी चित्रकला उभी राहिली, तिला अँसी आर्ट म्हणतात. पॅब्लोड्रॉ किंवा मोबियस हे अँसी चित्र काढायचं सॉफ्टवेअर घेऊन स्वतःचा स्वागताचा पडदा काढा. दुसऱ्याचं चित्र उचलू नका. या जगात चित्राच्या कोपऱ्यातल्या सहीला फार मान आहे. मी आमच्या गल्लीतला पार आणि वरचा पिंपळ काढला. तीन संध्याकाळी लागल्या. पानांसाठी हिरव्याच्या दोनच छटा हाताशी असतात, त्यामुळे उन्हाची बाजू पिवळ्या ▒ नं दाखवावी लागली.

मराठीचं काय? कोडपेज ४३७ मध्ये देवनागरी नाही. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकनं जिस्ट कार्ड बाजारात आणलं होतं. ते कॉम्प्युटरमध्ये बसवलं की साध्या डॉसवरही भारतीय लिप्या दिसत. ते दिवस गेले. आता सिंक्रोनेटला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचा एकच अक्षरसंच, कळतो, पण समोरच्या टर्मिनलला कळला पाहिजे. सिंकटर्ममध्ये देवनागरी नीट उमटत नाही. ज्या टर्मिनलांना ती दिसते तिथेही वेलांटी, उकार आणि जोडाक्षरांमुळे रकान्यांचं गणित चुकतं. "क्षितिज" या शब्दाला किती रकाने द्यायचे याबद्दल मशीन आणि टर्मिनल यांचं एकमत होत नाही, आणि ओळीची उजवी कडा सरकते. मी असं केलं: चौकटी, मेनू आणि रकाने रोमन लिपीत ठेवले, आणि निरोपांचा एक विभाग युनिकोडचा, जिथे ओळी डावीकडून मोकळ्या वाहतात. तिथे लोक देवनागरीत लिहितात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी दुसरा विभाग आहे, तिथे मराठीच पण रोमन अक्षरांत. दोन्ही चालतात. रोमन विभागात नागपूरचे एक काका आणि न्यू जर्सीतली एक मुलगी वर्षभर वऱ्हाडी शब्द गोळा करत आहेत.

सहावी पायरी: एकट्या बीबीएसवर निरोप येत नाहीत

नव्या बीबीएसवर निरोप नसतात, म्हणून लोक थांबत नाहीत. लोक थांबत नाहीत, म्हणून निरोप येत नाहीत. यावर उत्तर १९८४ मध्येच टॉम जेनिंग्ज यांनी काढलं. त्यांच्या फिडोनेटमध्ये बीबीएस रात्री एकमेकांना फोन लावून निरोपांची देवाणघेवाण करायचे, कारण रात्री लांबच्या कॉलचे दर कमी असायचे. आज हेच इंटरनेटवरून होतं. नवख्यासाठी अशी बीबीएसची दोन जाळी सोयीची आहेत. सिंक्रोनेटवाल्यांचं डव्हनेट, आणि न्यूझीलंडमधून चालणारं एफएसएक्सनेट. डव्हनेटनं सुरुवात करा, जोडणीची तयारी सॉफ्टवेअरमध्येच आहे. एफएसएक्सनेटसाठी अर्ज करावा लागतो, मग त्या जाळ्यातला तुमच्या बीबीएसचा पत्ता, म्हणजे २१ नं सुरू होणारा नोड क्रमांक, मिळतो. या जोडण्या तुमच्या मशीनकडून बाहेर जातात, म्हणून सीजीनॅटमागे बसूनही निरोप आणता येतात. स्टॅटिक आयपीची वाट बघत असाल तर तोवर हे करून बघा.

पण जाळ्यातले विभाग सुरुवातीला चार-पाचच घ्या, आणि स्थानिक विभाग दोनच ठेवा. वीस रिकामे विभाग म्हणजे वीस रिकाम्या खोल्या.

खेळांबद्दल थोडक्यात. यांना डोअर म्हणतात, कारण कॉलर बीबीएसमधून एका दारानं खेळात जातो आणि परत येतो. लीजंड ऑफ द रेड ड्रॅगन लावा. त्यात दिवसाला ठरावीकच चाली मिळतात, म्हणून माणूस उद्या पुन्हा येतो. ट्रेडवॉर्स महिनाभरानं लावा.

नियम, आणि तुमची जबाबदारी

नियम पहिल्या पडद्यावर दहा ओळींत लिहा. शिवीगाळ नाही, कुणाचा फोन किंवा पत्ता टाकायचा नाही, चोरीच्या फाइली नाहीत. मी फाइल अपलोड पूर्ण बंद ठेवलं आहे आणि नवख्यांनीही तसंच करावं असं मला वाटतं. दुसऱ्यांचा मजकूर ठेवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७९ नं संरक्षण मिळतं, पण ते अटींवर. नियम जाहीर असणं, तक्रार कुणाकडे करायची ते लिहिलेलं असणं, आणि न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आला की मजकूर काढणं या त्यातल्या मुख्य गोष्टी आहेत. तक्रारीसाठी वेगळा ईमेल काढा आणि तो रोज बघा. नोंदणीच्या फॉर्ममध्ये सिंक्रोनेट जन्मतारीख, पत्ता, फोन असं बरंच काही विचारू शकतो. अनावश्यक प्रश्न काढून टाका. जी माहिती तुमच्याकडे नाही ती तुमच्याकडून चोरीलाही जात नाही.

बॅकअप

कार्ड गेल्यापासून मी हे रोज करतो. रात्री तीनला सिंक्रोनेटचे कंट्रोल, डेटा, टेक्स्ट आणि खेळांचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर जातात. रविवारी एक प्रत पासवर्डनं कुलूपबंद करून घराबाहेर, भावाच्या घरी. प्रोग्रॅमचा फोल्डर नेला नाही तरी चालतो, तो पुन्हा बांधता येतो. दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या मशीनवर उतरवून बघा. पहिल्यांदा उतरवली तेव्हा मला कळलं की खेळांचा फोल्डर कधी नीट येतच नव्हता.

उघडण्याची वेळ

सुरुवातीला कुठेही जाहीर करू नका. ओळखीच्या तिघांना बोलवा: एक ज्याला हे सगळं माहीत आहे, एक ज्याला काहीच माहीत नाही, आणि एक जो परदेशात आहे, म्हणजे तुमच्या झोपेच्या वेळेत येईल. दुसऱ्या माणसाशेजारी बसा आणि तो कुठे अडखळतो ते न बोलता लिहून घ्या. माझ्या मावसबहिणीला बाहेर कसं पडायचं तेच सापडेना, शेवटी तिनं खिडकीच बंद केली. त्या रात्री मी मुख्य मेनूच्या सगळ्यात वरच्या ओळीत "बाहेर पडा" असं रोमन अक्षरांत टाकलं.

आठवडाभर हे तिघं वावरले की टेलनेट बीबीएस गाइड या यादीत नोंद करा. अनोळखी माणसं येऊ लागतील. बहुतेक जण एकदा येऊन, मेनू फिरून जातील. त्यातला कुणीतरी सिसॉपसाठी दोन ओळी टाकून जाईल, बहुधा असंच काहीतरी: छान आहे, मीही १९९३ मध्ये चालवायचो. त्याला त्याच दिवशी उत्तर लिहा. नावानं लिहा, आणि त्याचा बीबीएस कुठल्या मशीनवर होता ते विचारा.